आक्काच्या खिडकीतल्या हॉप्सच्या बरण्या

आक्काचं नाक गेलं हे मला तिच्या मुलीनं फोन करून सांगितलं. आक्कानं स्वतः सांगणं शक्य नव्हतं. मी बिअरच्या कारखान्यात नोकरी धरल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि आमच्यात काम फारसं पडत नव्हतं.

"मामा, कोरोना झाल्यापासून आईला कसलाच वास येत नाही," भाची म्हणाली. "आम्हा दोघींचा गेला होता. माझा आला, तिचा आलाच नाही. परवा सकाळची आमटी आंबली होती, तिनं तशीच संध्याकाळी पोरांना वाढली. काहीजण आजारी पडले." मग ती म्हणाली, "तुमचं कामच वासाचं आहे ना?"

ते खरं होतं. आणि आक्काचंही तसंच होतं. लातूरला ती क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवते. दहावी झाली की गावोगावची पोरं पेटी, गादी घेऊन लातूरला येतात, खोली करून राहतात आणि डॉक्टर व्हायचं म्हणून दिवसभर क्लासात बसतात. त्यांच्या जेवणाचं कुणीतरी बघावं लागतं. दाजी गेल्यावर आक्कानं घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्या टाकल्या आणि ते काम सुरू केलं. ती रांधताना कधी चव घेत नसे. पोरांना उष्टं कसं घालायचं, असं तिचं म्हणणं. पातेल्यावरचं झाकण काढायचं, वाफ अंगावर घ्यायची, आणि मीठ कमी की जास्त ते सांगायचं. मी स्वतः बघितलंय. चुकत नसे.

आम्ही मूळचे मुदखेडचे. वडील रेल्वेत होते. आक्का माझ्याहून बरीच मोठी. आई शेतावर मजुरीला गेली की मी आक्काच्या कडेवर असायचो. तिचं लग्न लातूरला झालं. दाजी डाळ मिलमध्ये मुकादम होते. माणूस वाईट नव्हता. मला लातूर दाखवायला सायकलवर पुढं बसवून न्यायचे, गंजगोलाईच्या बाजारात खायला घालायचे. पण मिल सुटली की देशीच्या दुकानात जायचे, आणि पुढं पुढं मिल सुटायच्या आधीच जायला लागले. शेवटी पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. मी तेव्हा नांदेडला केमिस्ट्री शिकत होतो. दवाखान्यात त्यांना बघायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला आणि "अभ्यास कर" म्हणाले. त्यानंतर त्यांच्याशी बोलणं झालं नाही.

पुढं मला संभाजीनगरकडच्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरी लागली. प्रयोगशाळेत जागा होती, पगार बरा होता. आक्काला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "एवढं शिकून हेच करायचं होतं का?"

"आक्का, ती देशी न्हाई. बिअर हाय. तिच्यात नशा कमी असते."

"पिऊन माणूस घरी येतो तवा बाटलीवर काय लिव्हलंय ते बायको वाचत न्हाई."

त्यानंतर राखी टपालानं यायची. मी लातूरला गेलो तर ती पोरांच्या पंगतीत माझं ताट मांडायची, वाढायची आणि आत जायची. कधी उपाशी पाठवलं नाही. पण जवळही बसली नाही. असं बरीच वर्षं चाललं.

माझं काम काय होतं ते इथं थोडं सांगायला पाहिजे. कारखान्यात एक छोटा विभाग होता, तिथं थोड्या थोड्या प्रमाणात नव्या चवीच्या बिअर करून बघायच्या. त्या चवी मुख्यतः हॉप्सच्या. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. हिरवी, खवल्याखवल्यांची, लहान मुलाच्या अंगठ्याएवढी. पाकळी उलगडली की बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड असते, वास आणि कडूपणा सगळा तिच्यात. आमच्याकडं ती फुलं दळून, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात येत. लांबून बघणाऱ्याला जनावरांचं खाद्य वाटावं. पिशवी फोडून चार गोळ्या तळहातावर घ्यायच्या, दुसऱ्या हातानं गरम होईपर्यंत चोळायच्या, आणि मग ओंजळीत नाक घालायचं. द्राक्षांचे असतात तसे हॉप्सचेही वाण आहेत, आणि प्रत्येकाचं बोलणं निराळं. साझ नावाचा वाण युरोपातला, जुना, मवाळ. त्याला वाळल्या गवताचा आणि किंचित मिऱ्याचा वास. इंग्लंडचा फगल ओल्या लाकडाचा. अमेरिकेचा कॅस्केड चोळला की पपनसाची साल सोलल्यासारखं वाटतं. जपानमधून आलेला सोराची एस म्हणून एक आहे, त्याला गवती चहा आणि शेपू दोन्ही एकदम. मला सुरुवातीला सगळं सारखंच हिरवं लागायचं. वर्ष दीड वर्ष रोज ओंजळीत नाक घातल्यावर एकेक वेगळा व्हायला लागला. म्हणजे नाकाला शिकवता येतं, एवढं मला अनुभवानं माहीत होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी आक्कालाही तेच सांगितलं होतं. लवंग, निलगिरीचं तेल, लिंबू, गुलाब, असं सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, लक्ष देऊन. ती काही महिने करत होती. भाची म्हणाली, "लवंग धरली की म्हणते, येतोय वास. तिचे डोळे झाकून लवंगेच्या जागी वेलदोडा धरला, तरी म्हणाली लवंगच."

तिथं मला वाटलं की आक्का हुंगत नाही, आठवते आहे. लवंग तिच्या हाडात होती, नाकाची गरजच नव्हती. तिला असं काहीतरी द्यायला पाहिजे होतं जे तिनं जन्मात कधी हुंगलेलं नाही. आठवायला काही नसेल तर जे येईल ते खरं येईल. आणि माझ्या हाताशी तसं एकच होतं. त्याचा उपयोग होईल का, मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले वास बदलून बघायला हरकत नाही, नुकसान काही नाही. मी साहेबांना विचारून थोडे थोडे नमुने घेतले, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत भरले आणि दुसऱ्या शनिवारी लातूरची बस धरली.

दुपारची पंगत उठली होती. आक्का परातीत भांडी गोळा करत होती. मी बरण्या जमिनीवर मांडल्या आणि कशासाठी आणल्या ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"हे दारूत घालतेत ना?"

"बिअरमध्ये घालतात. पण ह्याच्यात नशा न्हाई, आक्का. निव्वळ फूल हाय. वाळवलेलं."

"माझ्या सैपाकाच्या खोलीत न्हाई ठिवायची."

भाचीनं त्या उचलून पुढच्या खोलीच्या खिडकीत, गजांच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवल्या. मी निघालो तेव्हा तिथंच होत्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हाही तिथंच होत्या, झाकणांवर धूळ बसली होती. उन्हानं आतल्या गोळ्या पिवळ्या पडल्या होत्या. जुन्या हॉप्सना घामट मोज्यासारखा वास येतो, तसा यायला लागला होता. मी त्या रिकाम्या करून नव्या भरल्या, आणि ह्या वेळी सावलीत ठेव एवढंच भाचीला सांगितलं. आक्कानं मला वाढलं आणि ती आत गेली.

मग एकदा गॅस चालू राहिला. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. आक्का त्याच खोलीत कणीक मळत बसलेली. भाची तिच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासवरून आली, दारातच थबकली, धावत जाऊन तिनं बटण बंद केलं आणि दारं-खिडक्या उघडल्या. आक्का तिच्याकडं बघत होती, तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. थोड्या वेळानं पोरं जेवायला आली असती. भाचीनं मला हे सांगितलं ते रडत. आणि म्हणाली, "मामा, आईनं बरण्या आत घेतल्या."

तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा जाऊ लागलो. पोरं जेवून गेली की आक्का पदर खोचून माझ्यासमोर मांडी घालायची. मी गोळ्या चोळायचो आणि ओंजळ तिच्या नाकापुढं धरायचो. ती डोळे मिटून श्वास घ्यायची.

"काय न्हाई."

दुसरा वाण.

"काय न्हाई."

बोलायला आणखी काही नसल्यामुळं मी त्या वाणांबद्दल सांगत बसायचो. हा वेल घराहून उंच चढतो, दोरखंडं बांधून चढवतात. थंड मुलखात होतो. आपल्याकडं लावला तर उगवतो, पण त्याला हवं तसं फूल धरत नाही.

"कामून? आपल्याकडं उनाला काय कमी हाय?"

"ऊन न्हाई, दिवस लांब लागतो त्याला. तिकडं उन्हाळ्यात रात्री जेवायच्या वेळेपर्यंत उजेड असतो. आपला दिवस त्याला पुरत न्हाई."

तिनं ह्यावर मान हलवली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मला चहा विचारला, आणि स्वतःचा कपही तिथंच घेऊन बसली.

एकदा तिनं चोळलेल्या गोळीचा चुरा बोटावर घेऊन जिभेला लावला. तोंड वाकडं झालं. जिभेला कडू, आंबट, खारट कळत होतं, गेला होता तो वासच.

"किराइताच्या काढ्यापरीस कडू हाय. मुद्दाम कडू करतेत?"

"हाव. न्हाईतर बिअर गुळमट लागते. आणि हॉप्समुळं ती टिकते. पूर्वी तर टिकण्यासाठीच घालायचे."

"दारू टिकावी म्हणून," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं बोट पदराला पुसलं. मी बरणीचं झाकण लावत राहिलो. दाजी ज्या वयात गेले त्या वयाच्या जवळ मी तेव्हा आलो होतो, आणि हे तिलाही माहीत होतं.

पुढच्या की त्याच्या पुढच्या खेपेला, नेहमीसारखं "काय न्हाई" झाल्यावर ती म्हणाली, "एक सांगू का? नाक गेलं तवा मला वाईट वाटलंच न्हाई."

मी ओंजळ खाली घेतली.

"तू मला वास घ्यायला शिकवायलास. मी लगीन झाल्यापसून दुसरं केलंच काय? सांच्याला हे दारात आले की मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं व्हायची. लोकाला वाटायचं, बाई नवऱ्याला पाणी देती. मी त्यांच्या तोंडाचा वास बघायची. आला तर पोरीला घेऊन शेजारी जायचं, न्हाई आला तर ताट करायचं. रोज. ते गेले, तरी कुणी पाव्हणा दारात आला की माझं नाक आधी पुढं व्हायचं. तू आलास तरी. तू त्या कारखान्यात लागलास तवापसून तर लईच."

"मी पीत न्हाई, आक्का. आमच्याकडं चव बघून थुंकतात."

"ठाव हाय मला. नाकाला ठाव न्हवतं." तिनं पदर सारखा केला. "कोरोनात पडून होते आन् कळलं की कायबी येत न्हाई, तवा वाटलं, सुटले. आता कुणी कसाबी येऊ दे दारात. पण पोरांच्या पोटाचं काय? म्हणून बसते तुझ्यापुढं."

भाची आत अभ्यास करत होती. तिनं हे ऐकलं असावं, कारण पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आक्कानंच विचारलं, "आज तो गवती चहाचा न्हाई आणलास?"

मी सोराची चोळला. ती वाकली. परत वाकली. मग म्हणाली, "आधीच्यावानी न्हाई हा."

"म्हणजे?"

"कसला हाय ते न्हाई सांगता येत. पण आधी धरला त्याहून येगळा हाय."

मी आधीचा फगल परत धरला. मग सोराची. मग न सांगता अदलाबदल केली. ती डोळे मिटून एकदा चुकली, पुढं सगळं बरोबर सांगितलं. तिला नाव येत नव्हतं, त्यातला गवती चहाही तिला ओळखू येत नव्हता, पण दोन गोष्टी दोन आहेत हे तिच्या नाकाला कळलं होतं. मला त्याचा झालेला आनंद मी तिला दाखवला नाही. लवकर आनंद झाला की ती घाबरते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

नंतर जे झालं त्याची मात्र तयारी नव्हती. महिना दीड महिन्यात नाक भराभर जागं झालं, पण वाकडं. सकाळी भाचीचा फोन आला की आईनं फोडणी टाकली आणि मोरीकडं पळाली, उलटी झाली. कांद्याचा तिला गटारासारखा वास येत होता. लसणाचा जळक्या रबराचा. अंड्याचं नावच नको. पोरं भूक भूक करत बसलेली, आणि ती नाकाला पदर लावून चुलीपाशी उभी.

मी रजा काढून गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. आठ दिवसांत गाल बसले होते.

"न्हवतं ते बरं होतं," ती म्हणाली. "हे कशापायी जागं केलंस?"

हा प्रश्न मला अजून टोचतो. मी तिला मला समजलं होतं तेवढं सांगितलं. कांदा, लसूण, अंडं, ह्या सगळ्यांत गंधकाचा अंश असतो. नाकातल्या तारा परत जुळताना चुकीच्या जागी जुळतात, आणि गंधक आधी लागतं. हॉप्सच्या काही वाणांनाही असं होतं. काढणीला उशीर झाला की त्यांना कांद्यालसणाचा वास मारतो, आम्ही तो माल बाजूला काढतो. फूल तेच असतं.

"म्हंजे नाक खोटं बोलायलंय?"

"हाव. काही दिवस बोलेल."

"आन् खरं कवा बोलेल?"

"ते मला सांगता येत न्हाई, आक्का."

खानावळ बंद करायची वेळ आली होती. पोरांचे पालक दुसरीकडं चौकशी करत होते. तेव्हा गल्लीतल्या एका विधवा बाईनं, जिला आक्का भाकरी थापायला बोलवायची, स्वतःहून फोडणीचं काम घेतलं. आक्का मागच्या अंगणात चूल मांडून भाकरी करायची, वारा असेल त्या बाजूला तोंड करून. फोडणी झाली, घर मोकळं झालं की आत यायची. आमटीला आक्काच्या हातची चव राहिली नाही. काही पोरं गेली, बरीच राहिली. पोरांना आईच्या हातचं नको असतं, वेळेवर हवं असतं, असं आक्का म्हणायची. पण ते तिच्या मनाला लागत होतं हे दिसायचं.

बरण्यांचा अभ्यास ह्या सगळ्यात चालूच राहिला. गंमत अशी की हॉप्सचा वास तिला वाकडा आला नाही. घरातला ओळखीचा जिन्नस दगा द्यायचा, आणि परक्या मुलखाची ही फुलं जशी होती तशी यायची. वर्षभरात कॅस्केडला ती "मोसंबीच्या सालीवानी" म्हणायला लागली. साझला म्हणाली, "कडबा. पावसात न भिजलेला." मी कामावर परत गेलो तेव्हा आमच्या वहीत साझपुढं तोच शब्द लिहिला. साहेबांनी विचारलं, कडबा म्हणजे काय.

नाक पूर्ण आलं नाही. कोथिंबीर येते, आलं येतं, मोगरा येतो. दूध लागल्याचं, भात करपल्याचं कळत नाही. कांद्याचं गटार गेलं, आता कांदा नुसताच पोकळ लागतो म्हणते, लसूण मात्र अजून जळकाच. डॉक्टर म्हणाले, इतकंही पुष्कळांना मिळत नाही. माझी नोकरी तिला पटलेली नाही. ते तिनं मला परवाही सांगितलं, चहा ओतता ओतता, आणि मी हो म्हणालो.

ह्या वर्षी पित्तरांत तिनं मला बोलावलं. दाजींच्या नावानं पान वाढायचं असतं, त्या दिवशी मला तिनं आजवर कधी बोलावलं नव्हतं. मी सकाळीच पोचलो. तिनं सगळा स्वयंपाक एकटीनं केला होता, कारण त्यात कांदा-लसूण नसतो. कढी, वडे, गवारीची भाजी, भोपळा, शेवयांची खीर. भाची केळीचं पान पुसत होती. वाढायच्या आधी आक्कानं मला आत हाक मारली.

"जरा बघ बरं सगळं. माझ्या नाकावर भरवसा न्हाई."

मी म्हणालो, "नैवेद्याचा वास घेत न्हाईत, आक्का."

"करपलेलं घालण्यापरीस वास घेतलेला बरा. त्यांचं जेवणाचं लई असायचं."

मी एकेक झाकण काढलं. कढी चांगली होती. भाजी चांगली होती. वड्यांना ताज्या तेलाचा वास होता. खिरीवर वाकलो, आणि परत वाकलो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"खाली लागलीय," मी म्हणालो. "थोडीच, पण लागलीय."

तिनं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं. भाचीला दूध आणायला पाठवलं, दुसरं भांडं घासून घेतलं आणि मला म्हणाली, "तू हलवत बस. मी शेवया भाजते."